क्षमेचे दार आणि दारावरचे पहारेकरी

दरवर्षी १६ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा संत कॉर्नेलियस आणि संत सिप्रियन ह्या दोन रक्तसाक्षींचे स्मरण एकत्र करते. 'रोमन कॅनन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिस्साच्या पहिल्या महाप्रार्थनेतही ही दोन नावे लागोपाठ उच्चारली जातात. कॉर्नेलियस हे रोमचे बिशप, म्हणजे पोप होते. सिप्रियन हे उत्तर आफ्रिकेतील कार्थेज ह्या नगरीचे बिशप होते. दोघांच्या धर्मप्रांतांमध्ये भूमध्य समुद्र पसरलेला होता. तरीही ख्रिस्तसभेने त्यांना कायमचे एकत्र बांधले, कारण एका अवघड प्रश्नावर ते दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तो प्रश्न असा होता : श्रद्धेपासून ढळलेल्या माणसाने पश्चात्ताप केला, तर ख्रिस्तसभेने त्याला पुन्हा जवळ घ्यावे की नाही?

हा वाद जुना असला तरी त्यातील माणसे आपल्या ओळखीची आहेत. देवाची क्षमा स्वस्तात वाटणारे त्यात भेटतात आणि ती कुलूप लावून ठेवणारेही भेटतात. म्हणूनच ह्या इतिहासाचा थोडा विस्ताराने परिचय करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

छळ आणि सरकारी दाखला

इ. स. २४९ मध्ये डेसियस हा रोमन सम्राट झाला. साम्राज्यावर आलेली संकटे टळावीत म्हणून सर्व प्रजेने देवतांना बळी अर्पण करावा, असे फर्मान त्याने काढले. बळी अर्पण केल्यावर सरकारी अधिकाऱ्यांपुढे तशी नोंद करून दाखला घ्यावयाचा होता. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक पपायरस-दाखले संशोधकांना सापडले आहेत. अर्जदाराचे नाव व गाव, आपण देवतांना नेहमीच अर्पणे करीत आलो आहोत असे निवेदन, आताही अधिकाऱ्यांसमक्ष पेयार्पण केले व बळीचे मांस चाखले असा मजकूर, आणि खाली साक्षीदारांच्या सह्या, असे त्यांचे स्वरूप आहे. एका कागदावर माणसाची श्रद्धा तोलली जात होती.

२० जानेवारी २५० रोजी पोप फेबियन रक्तसाक्षी झाले आणि रोमचे आसन वर्षाहून अधिक काळ रिकामे राहिले. अनेकांनी तुरुंगवास व यातना सोसल्या, काहींनी प्राण दिले. परंतु फार मोठ्या संख्येने ख्रिस्ती लोक ढळले, हेही सत्य आहे. काहींनी प्रत्यक्ष बळी दिला, काहींनी देवतांपुढे केवळ धूप जाळला. काहींनी बळी मुळीच न देता अधिकाऱ्यांना पैसे चारून दाखला मिळवला आणि आपले हात स्वच्छ आहेत असे स्वतःला समजावले.

सिप्रियन ह्यांनी 'ढळलेल्यांविषयी' हा प्रबंध इ. स. २५१ मध्ये लिहिला. त्यात ते काहीही झाकून ठेवीत नाहीत. कार्थेजमध्ये कोणी ओढून नेण्यापूर्वीच लोक स्वतःहून नगरचौकात धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी काम उद्यावर ढकलू लागले, तेव्हा आजच उरकून घ्या अशी विनवणी त्यांनी केली. हे एका दिवसात घडले नव्हते, असे सिप्रियन म्हणतात. शांततेच्या दीर्घ काळात भाविक धनाच्या मागे लागले होते, खोट्या शपथा घेत होते, एकमेकांचा द्वेष करीत होते. काही बिशपसुद्धा आपली गादी सोडून बाजारहाटीत व नफ्यात रमले होते. श्रद्धा आधीच पोखरली गेली होती. छळाने ती फक्त उघड्यावर आणली, असे त्यांचे निदान होते.

स्वस्त झालेली क्षमा

छळ ओसरू लागला तसे ढळलेले लोक परत येऊ लागले. त्या काळी स्नानसंस्कारानंतर घडलेल्या गंभीर पापासाठी प्रायश्चित्त उघड आणि दीर्घ असे. पापी मनुष्य प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या वर्गात सामील होई, उपवास व दानधर्म करी, मंडळीच्या प्रार्थनेची याचना करी आणि अखेरीस बिशपांच्या हस्तस्पर्शाने त्याला पुन्हा ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची मुभा मिळे.

कार्थेजमध्ये ह्याला एक आडवाट निघाली. श्रद्धेसाठी तुरुंगात यातना सोसलेल्यांना मंडळीत मोठा मान होता. असे श्रद्धासाक्षी ढळलेल्यांसाठी शिफारसपत्रे देऊ लागले. ह्या प्रथेचा मूळ हेतू करुणेचा होता. परंतु लवकरच पत्रांचा सुळसुळाट झाला. अमुक मनुष्याला त्याच्या माणसांसह कम्युनियन द्यावे, अशी मोघम पत्रेही निघाली. 'त्याची माणसे' म्हणजे वीस की दोनशे, ह्याचा काही हिशेब नव्हता. फेलिसिसिमस नावाच्या एका पुढाऱ्याभोवती एक गटच उभा राहिला. पश्चात्ताप नाही, प्रायश्चित्त नाही, पत्र दाखवा आणि वेदीपाशी या, असा प्रकार सुरू झाला. सम्राटाच्या दाखल्यानंतर हा आणखी एक दाखला! पहिल्या कागदाने श्रद्धा नाकारली गेली होती, दुसऱ्याने पश्चात्ताप टाळला गेला.

सिप्रियन ह्यांनी ह्यास ठाम नकार दिला. त्यांचे स्वतःचे स्थान नाजूक होते. छळाच्या काळात कळपाची व्यवस्था चालू राहावी म्हणून ते अज्ञातवासात गेले होते आणि तेथून पत्रांद्वारे कारभार पाहत होते. साहजिकच, स्वतः पळून गेलेला मनुष्य आम्हांला काय शिकवणार, असे टोमणे त्यांना ऐकावे लागले. तरीही ते डगमगले नाहीत. जखम बुजण्याआधीच तिच्यावर खपली धरू देणारा वैद्य रोग्याचा मित्र नव्हे, ही त्यांची भूमिका होती.

कुलूपबंद झालेली क्षमा

तिकडे रोममध्ये नेमके उलट टोक गाठले गेले. नोव्हेशियन हे रोमचे विद्वान धर्मगुरू. पवित्र त्रैक्याविषयीचा त्यांचा लॅटिन ग्रंथ आजही अभ्यासला जातो. पोपपद रिक्त असताना रोमच्या धर्मगुरूंच्या वतीने कार्थेजला पाठवलेले एक पत्र त्यांनीच लिहिले होते. मरणपंथाला लागलेल्या पश्चात्तापी माणसाला सावधपणे का होईना पण साहाय्य करावे, असे त्या पत्रात स्पष्ट म्हटले होते.

इ. स. २५१ मध्ये कॉर्नेलियस ह्यांची पोप म्हणून निवड झाली. नोव्हेशियन ह्यांनी ती मानली नाही. त्यांनी इटलीतील तीन बिशपांकडून स्वतःची दीक्षा करवून घेतली आणि प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले. आता त्यांची शिकवण अशी झाली की, श्रद्धेपासून ढळलेल्याला ख्रिस्तसभा क्षमा देऊच शकत नाही. देव हवी तर त्याला क्षमा करील. परंतु ख्रिस्तसभेचे दार त्याच्यासाठी मरेपर्यंत बंद. त्यांचे अनुयायी स्वतःस 'कॅथरोई', म्हणजे 'शुद्ध' म्हणवू लागले.

अँटोनियानस नावाच्या बिशपांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात सिप्रियन ह्यांनी ह्या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. कालपर्यंत दया योग्य वाटत होती, ती आज अयोग्य का ठरली? त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. व्यभिचारी व फसवणूक करणारे तुमच्या गटात सुखाने नांदतात. ज्याने भीतीपोटी, छळाच्या दडपणाखाली पाप केले त्याला दार बंद आणि ज्याने स्वखुशीने केले त्याला दार उघडे, हा कुठला न्याय? आपल्याकडे 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' अशी म्हण आहे. तिचाच हा तिसऱ्या शतकातील प्रत्यय होय.

इतिहासकार युसेबियस ह्यांनी कॉर्नेलियस ह्यांचे अंत्युखियाच्या बिशपांना लिहिलेले एक पत्र जतन केले आहे. छळाच्या दिवसांत संकटातील बांधवांच्या मदतीला येण्याची विनंती झाली असता, नोव्हेशियन खोलीचे दार लावून बसले, असा आरोप त्यात आहे. हा प्रतिपक्षाचा आरोप आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. नोव्हेशियन ह्यांच्या मनात काय होते ह्याचा निवाडा आपण करू नये. परंतु इतरांकडून वीरत्वाची अपेक्षा करणाऱ्याला स्वतःच्या भीतीचाही हिशेब द्यावा लागतो, एवढे मात्र ह्या आरोपातून जरूर शिकावे.

ख्रिस्तसभेचा निर्णय

इ. स. २५१ मध्ये कार्थेज येथे बिशपांची सभा भरली. सर्वांना एकाच मापाने मोजायचे नाही, असे तिने ठरवले. ज्यांनी केवळ दाखला विकत घेतला त्यांची प्रत्येकाची परिस्थिती तपासून त्यांना परत घ्यावे. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि मरणसमयी त्यांना क्षमेचे साहाय्य द्यावे. त्याच वर्षी रोममध्ये कॉर्नेलियस ह्यांनी साठ बिशपांची सभा बोलावली. तिने नोव्हेशियन ह्यांना बहिष्कृत केले आणि ढळलेल्यांना पश्चात्तापाचे औषध द्यावे असा निर्णय दिला. पुढे सम्राट गालसच्या काळात नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच आफ्रिकेतील बिशपांनी प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांनाच परत घेतले. ज्यांना उद्या ख्रिस्तासाठी रक्त सांडायचे आहे, त्यांना आज ख्रिस्ताच्या रक्तापासून दूर कसे ठेवावे, असा विचार त्यामागे होता.

कॉर्नेलियस हद्दपारीत इ. स. २५३ मध्ये मरण पावले. सिप्रियन ह्यांचा १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेज येथे शिरच्छेद झाला. ज्यांना पळपुटे म्हणून हिणवले गेले होते, त्यांनी वेळ येताच शांतपणे मान पुढे केली.

नोव्हेशियन-पंथ मात्र कित्येक शतके टिकून राहिला. इ. स. ३२५ च्या निसिया परिषदेच्या आठव्या नियमानुसार ह्या 'शुद्ध' मंडळींतील जे धर्मगुरू परत येऊ इच्छितात, त्यांनी ढळलेल्यांशी व पुनर्विवाह केलेल्यांशी सहभागिता राखू असे लेखी वचन द्यावयाचे होते. त्या पंथाच्या अकेसियस नावाच्या बिशपांना सम्राट कॉन्स्टंटाइनने, मग तुम्ही शिडी लावून एकटेच स्वर्गात चढा, अशा अर्थाचे उत्तर दिले, अशी आख्यायिका पाचव्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकार सॉक्रॅटिस ह्यांनी नोंदवली आहे.

सेरापियनची रात्र

ह्या साऱ्या वादात एका वृद्धाची हकिकत आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिशियस ह्यांनी ती लिहून ठेवली आणि युसेबियसने आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात तिला स्थान दिले.

सेरापियन हा दीर्घकाळ निर्दोष जगलेला श्रद्धावान वृद्ध. छळात तो ढळला आणि त्याने बळी दिला. पुढे तो वारंवार क्षमा मागत राहिला. पण कोणीही त्याच्याकडे लक्ष दिले नाही. तो आजारी पडला. तीन दिवस त्याची वाचा व शुद्ध हरपली. चौथ्या दिवशी किंचित शुद्धीवर येताच त्याने आपल्या मुलीच्या मुलाला बोलावले आणि धर्मगुरूला आणण्यास पाठवले. रात्रीची वेळ होती. धर्मगुरू स्वतः आजारी होते, त्यांना उठवत नव्हते. परंतु मरणोन्मुख पश्चात्तापी माणसाला क्षमा नाकारू नये, असा बिशपांचा आदेश त्यांच्याजवळ होता. त्यांनी ख्रिस्तप्रसादाचा एक लहानसा तुकडा त्या मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या मुखात घालण्यास सांगितले. नातवाने तसे केले. वृद्धाने तो घास गिळला आणि लगेच प्राण सोडला. क्षमेसाठीच त्याला जणू जिवंत राखण्यात आले होते, असे डायोनिशियस ह्यांना वाटले.

ह्या प्रसंगात विद्वानांचे वाद बाजूला पडतात. अंधाऱ्या वाटेने हातात प्रभूचे शरीर घेऊन चाललेला एक मुलगा आणि त्याची वाट पाहणारा एक म्हातारा, एवढेच उरते. नोव्हेशियनांचे म्हणणे मान्य झाले असते, तर त्या मुलाला रित्या हाताने परतावे लागले असते.

दंभाची दोन रूपे

शुभवर्तमानात ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण 'ढोंगी' असे करतो, त्याचा मूळ अर्थ 'रंगमंचावरील नट' असा आहे. म्हणजे ढोंगी मनुष्य हा दुर्बल मनुष्याहून निराळा. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. तो दुर्बल होता, ढोंगी नव्हता, कारण तो बाहेर जाऊन रडला. ढोंगी मनुष्य रडत नाही. तो भूमिका वठवतो.

ही भूमिका दोन प्रकारची असते, हे वरील इतिहास सांगतो. पहिला नट दुसऱ्याच्या पापावर उभा राहून स्वतःची उंची दाखवतो. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी हा त्याचा नमुना. मत्तयच्या अठराव्या अध्यायातील सेवक त्याचाच भाऊ : स्वतःचे अफाट कर्ज माफ होते, आणि तो बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दुसरा नट क्षमेचाच मुखवटा घालतो. देव दयाळू आहे, झाले गेले विसरून जा, असे म्हणत तो सत्याला सामोरे जाणे टाळतो. जक्कयाने असे केले नाही. प्रभूला घरी घेतल्यावर त्याने निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले.

ख्रिस्तसभेची आजची शिकवण ह्याच दोन टोकांमधून वाट काढते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या ९८२ व्या परिच्छेदानुसार, ख्रिस्तसभा क्षमा करू शकत नाही असे कोणतेही पाप नाही, मग ते कितीही गंभीर असो. पश्चात्ताप मात्र प्रामाणिक हवा. तोच ग्रंथ १४५९ व्या परिच्छेदात सांगतो की, पापमुक्तीमुळे पाप जाते, परंतु पापाने केलेली सारी हानी आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करणे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळणे, जखमींची भरपाई करणे हे न्यायाचे कर्तव्य शिल्लक राहते. सार्वजनिक प्रायश्चित्ताची जागा पुढे खासगी पापनिवेदनाने घेतली. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा ते करण्याचा नियम घातला आणि १९७३ मध्ये ह्या संस्काराचा विधी नव्याने सिद्ध झाला. रूपे बदलली, परंतु पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई हा गाभा तोच राहिला.

आपल्या धर्मग्रामात

आता थोडे आपल्याकडे पाहू. कुमसाराच्या रांगेत उभे राहणारे आपण सारे मिस्साच्या आरंभी स्वतःला पापी म्हणतो. तरीही चर्चच्या दारातून आत येताना ज्यांची पावले अडखळतात, असे बांधव प्रत्येक धर्मग्रामात आहेत. कोणाचा संसार मोडला आहे, कोणी दारूच्या आहारी जाऊन सावरू पाहत आहे, कोणी तुरुंगातून सुटून आला आहे. त्यांना देवाची भीती वाटत नाही. मागच्या बाकांवरच्या नजरांची वाटते. ज्या देवाने त्यांना क्षमा केली, त्याच्या घरात आपल्या कुजबुजीने त्यांना पुन्हा आरोपी करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? अशा वेळी आपण नोव्हेशियनांचा ग्रंथ न वाचताच त्यांचे शिष्य होतो.

दुसरे टोकही आपल्यापासून दूर नाही. भावाच्या वाट्याची जमीन कागदोपत्री गिळंकृत करायची आणि सणाच्या दिवशी वेदीला भरघोस देणगी द्यायची; मोलकरणीचे पैसे थकवायचे आणि नोव्हेनाला अग्रभागी बसायचे; हे फेलिसिसिमसचे पत्र खिशात बाळगण्यासारखेच आहे. कुमसाराने जमिनीचा सात-बारा बदलत नाही. तो आपणच जाऊन बदलावा लागतो.

आम्ही धर्मगुरूही ह्या परीक्षेतून सुटलेलो नाही. जगातील अनेक देशांत ख्रिस्तसभेच्या काही सेवकांनी बालकांवर अत्याचार केले आणि काही ठिकाणी वरिष्ठांनी 'क्षमा' व 'ख्रिस्तसभेचे नाव' ह्या शब्दांआड ते झाकले. ही स्वस्त क्षमेची सर्वांत भीषण परिणती होय, कारण जे माफ करण्याचा अधिकार केवळ पीडितांचा होता, ते परस्पर माफ केले गेले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ मध्ये 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' ह्या आदेशाद्वारे अशा तक्रारी धर्माधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक केले. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे हे प्रत्येकाचेच कर्तव्य आहे. अपराध्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना जरूर करावी. परंतु बालकाचे अश्रू झाकून केलेली प्रार्थना देवापर्यंत पोहोचेल, असे कोणी समजू नये.

आत्मपरीक्षणासाठी

शेवटी एक सावधगिरी. परूशी आणि जकातदाराचा दाखला वाचून, मी त्या परूशासारखा नाही हे किती बरे, असे मनात आले, तर आपण त्याच्याच शेजारी जाऊन उभे राहिलो आहोत असे समजावे. हा लेख वाचताना शेजाऱ्याचे नाव आठवले असेल, तर तेही तसेच.

म्हणून पुढच्या पापनिवेदनापूर्वी आपण दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. मला मिळालेल्या क्षमेमुळे मला कोणाचे काय परत करायचे आहे? आणि माझ्या एका शब्दामुळे, एका नजरेमुळे कोणासाठी दार बंद झाले आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले तर त्या घरी जावे. दुसऱ्याचे सापडले तर त्या माणसाला रविवारच्या मिस्साला आपल्या शेजारी, आपल्याच बाकावर बसण्याचे निमंत्रण द्यावे.

संत कॉर्नेलियस आणि संत सिप्रियन ह्यांच्या मध्यस्थीने दयाघन पिता आपणांस प्रामाणिक पश्चात्तापाची आणि उदार अंतःकरणाची कृपा देवो.